परिचर्येची खरेदी कोणीं ठरवावी?

गेल्या वर्षीं माझ्या थोरल्या बहिणीचें, म्हणजे आमच्या अक्काचें, खुब्याचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया चांगली झाली; पण वय पंचाहत्तरीच्या पलीकडचें, त्यामुळें उठण्याबसण्यास, स्नानास व कपडे बदलण्यास तिला दुसऱ्याचा हात लागूं लागला. आम्ही दोघे भाऊ, तिचा मुलगा व सून असे चौघे एका संध्याकाळीं बसलों आणि बाई ठेवण्याचें पक्कें केलें. तीन ब्यूरोंना फोन केले. महिन्याचा पगार किती, पाळी किती तासांची, जेवण कोणाकडे, सुट्ट्या किती, पूर्वीं कोठें काम केलें आहे, ओळखपत्र आहे काय, हें सर्व आम्हीं नीट विचारून घेतलें. दर ताडून पाहिले आणि त्यांतला मधला पसंत केला. आपण मोठें व्यवहारचातुर्य दाखविलें, असें मला त्या रात्रीं वाटलें.

बाई स्वभावानें चांगली निघाली. कामांतही कसूर नव्हती. तरी पंधरा दिवसांत अक्का अबोल होत गेली. शेवटीं मीं विचारलें, "अक्का, बाईचें कांहीं चुकतें का?" ती म्हणाली, "तिचें काय चुकायचें? तुम्हीं तिला नवाला बोलावलेंत, ती नवाला येते. साठ वर्षें मी पहाटे अंघोळ करून देवापुढें बसलें. आतां दहा वाजेपर्यंत पारोशी पडून राहतें. मला कोणीं विचारलें होतें?"

आम्हीं त्या संध्याकाळीं निदान डझनभर प्रश्न विचारले होते, आणि ते सगळे ब्यूरोला विचारले होते. पलीकडच्याच खोलींत अक्का जागी होती. तिला एकही प्रश्न विचारला नव्हता.

ही चूक आमच्या घरापुरतीच असती, तर ती नभोवाणीवरून सांगण्याचें कारण नव्हतें. परंतु मागाहून मीं या विषयावर थोडें वाचन केलें, तेव्हां दिसून आलें कीं, हीच चूक मोठमोठ्या सरकारांनीं केलेली आहे, आणि ती सुधारण्यासाठीं माणसांना पन्नास वर्षें झगडावें लागलें आहे. ती हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

प्रथम ही खरेदी इतर खरेदीहून वेगळी कां, तें पाहूं. आपण मंडईंत वांगीं घेतों, तेव्हां निवडणारा, पैसे देणारा आणि खाणारा हे एकाच घरचे असतात. वांगें किडकें निघालें, तर उद्यां आपण दुसऱ्या माळणीकडे जातों. आणि त्या भीतीनेंच पहिली माळीण माल नीट ठेवते. परिचर्येच्या खरेदींत हे तीन हात निरनिराळे होतात. निवडतो एक, पैसे देतो दुसरा, आणि ज्याच्या अंगावर ती सेवा येऊन पडते तो तिसरा. येथें परिचर्या म्हणजे औषधोपचार नव्हे. अंघोळ, कपडे, जेवण, बिछान्यांतून उठणें, घराबाहेर पडणें, यांसाठीं लागणारी रोजची मदत ती परिचर्या. हा माल किडका निघाला, तर त्या तिसऱ्या माणसाला दुकान बदलतां येत नाहीं. "ज्याचें जळतें त्याला कळतें" हें आपण जाणतों. पण या व्यवहारांत ज्याचें जळतें त्याला बोलावण्याची पद्धतच नसते.

या प्रश्नाचा विचार ब्रिटनमध्यें जितका झाला, तितका फार थोड्या देशांत झाला असेल. त्याचें कारण असें कीं, तेथें अशी मदत पुष्कळ अंशीं सरकारी पैशानें मिळते, आणि ती विकत घेण्याचें काम स्थानिक काउन्सिलें, म्हणजे आपल्याकडील नगरपालिकांसारख्या संस्था, करतात. घरांतली लहान चूक तेथें हजारों माणसांवर एकदम पसरते, आणि म्हणून स्पष्ट दिसते.

१९४८ सालीं तेथें राष्ट्रीय साहाय्याचा कायदा झाला. गरिबांसंबंधींचा शेंकडों वर्षांचा जुना कायदा त्यानें रद्द केला आणि वृद्ध व दुर्बल माणसांसाठीं निवासाची सोय करण्याची जबाबदारी काउन्सिलांवर टाकली. कायदा उदार बुद्धीचा होता, परंतु त्यांत एक अट होती. अपंग माणसास सेवेच्या ऐवजीं रोख रक्कम देण्यास त्यानें मनाई केली होती. सेवा मिळेल, पण ती कोणती व कशी, हें देणारा ठरवील, असा त्याचा अर्थ झाला.

त्याच साली लेनर्ड चेशायर नांवाच्या एका निवृत्त वैमानिकानें हॅम्पशायर परगण्यांतील ल कोर्ट या आपल्या घरांत एका मरणोन्मुख माणसाची शुश्रूषा आरंभिली. १९४५ सालीं नागासाकीवर अणुबॉम्ब पडला, तेव्हां ब्रिटिश सरकारचा निरीक्षक म्हणून विमानांतून तो स्फोट पाहणारे ते हेच चेशायर. त्यांच्या नांवाचीं सेवागृहें पुढें देशोदेशीं निघालीं, मुंबईंतही निघालें. त्यांचा विवाहसुद्धां १९५९ सालीं मुंबईंतच झाला. त्यांच्या सद्धेतूबद्दल शंका घेण्यास जागा नाहीं. तरीही ज्या झगड्याची गोष्ट मी सांगणार आहें, तो त्यांच्या पहिल्याच घरांत, ल कोर्टमध्यें, पेटला. सद्धेतु असला म्हणजे विचारण्याची गरज उरत नाहीं, असें मानणाऱ्यांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

ल कोर्टमध्यें चाकांच्या खुर्चीवर हिंडणारीं तरुण माणसेंही राहत होतीं. बुद्धि तल्लख, वाचनाची आवड, बाहेरच्या जगाची ओढ. पण रात्रीं बिछान्यांत केव्हां जावयाचें, सकाळीं केव्हां उठावयाचें, हें नोकरांच्या पाळीवरून ठरे. पॉल हंट हा तरुण १९५६ सालीं तेथें राहावयास गेला. कारभारांत रहिवाशांचा हात असावा यासाठीं त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं वर्षानुवर्षें भांडण केलें. रहिवाशांच्या सांगण्यावरून एका प्रसिद्ध संस्थेचे संशोधक तेथें अभ्यासास आले, आणि १९७२ सालीं त्यांचें पुस्तक निघालें. परंतु त्यांनीं आपल्याकडे व्यवस्थापकांच्या खुर्चींतूनच पाहिलें, अशी हंटची तक्रार राहिली. त्याच वर्षीं त्यानें 'गार्डियन' पत्रांत एक पत्र लिहिलें, आणि त्यांतून अपंगांना समाजापासून वेगळें काढण्याच्या प्रथेविरुद्ध अपंगांचाच एक संघ उभा राहिला. हंट १९७९ सालीं वारला. पण त्याच साली ल कोर्टमधील दुसऱ्या कांहीं रहिवाशांनीं एक व्यवहारी बेत आखला. १९८१ हें वर्ष संयुक्त राष्ट्रांनीं अपंगांचें वर्ष म्हणून जाहीर केलें होतें, म्हणून त्या बेताला त्यांनीं 'प्रॉजेक्ट ८१' असें नांव दिलें.

त्यांचा युक्तिवाद साधा होता. आम्हांला येथें ठेवण्यासाठीं काउन्सिल पैसे भरतेंच. तेच पैसे आमच्या गरजेच्या हिशेबानें द्या. आम्ही बाहेर घर घेऊं, मदतनीस स्वतः निवडूं, आणि काय, केव्हां व कसें करावयाचें हें त्यांना सांगूं. नुसती मागणी करून ते थांबले नाहींत. आपणांस कोणत्या कामाला, दिवसाच्या कोणत्या वेळीं, किती तास मदत लागते, याचा तपशील प्रत्येकानें लिहून काढला. कायद्यानें रोख रक्कम देण्यास बंदी होती, म्हणून पैसे संस्थेकडे द्यावयाचे आणि संस्थेनें ते त्या माणसाच्या मदतीसाठीं पुढें पोंचवावयाचे, अशी वाट काढण्यांत आली. जॉन एव्हन्स हे त्या मंडळींपैकीं एक. ते १९८३ सालीं ल कोर्ट सोडून स्वतःच्या घरीं राहावयास गेले. कायदा बदलण्यास यापुढें तेरा वर्षें लागलीं. १९९६ सालीं अशी रक्कम थेट देण्यास परवानगी देणारा कायदा झाला व १९९७ पासून तो अंमलांत आला. प्रथम तो पांसष्ट वर्षांखालील माणसांपुरताच होता. २००० सालीं वृद्धांनाही त्याचा लाभ मिळाला.

येथें कोणी म्हणेल, मग प्रश्न सुटला. ज्याला मदत हवी त्याच्या हातांत पैसे द्या, म्हणजे तीन हातांचे दोन झाले. परंतु स्वतः मालक होऊन नोकर नेमणें, त्यांचे पगार काढणें, हिशेब ठेवणें, हें प्रत्येकाला झेपत नाहीं आणि प्रत्येकाला नकोही असतें. पुष्कळ माणसांसाठीं, विशेषतः वृद्धांसाठीं, काउन्सिलच सेवा विकत घेत राहतें. म्हणून त्या खरेदींत त्या माणसांचा हात कसा असावा, हा खरा प्रश्न उरतोच.

१९९० च्या कायद्यानें तर त्याला फारच महत्त्व आलें. १९९३ पासून काउन्सिलांनीं स्वतः सेवा देण्यापेक्षां ती खासगी व धर्मादाय संस्थांकडून विकत घ्यावी, असें धोरण सुरू झालें. इंग्लंडांत या कामासाठीं केंद्र सरकारनें जें खास अनुदान दिलें, त्यांतील शेंकडा ८५ भाग बाहेरच्या संस्थांवर खर्च करण्याची अट होती. टेंडरें निघूं लागलीं, करार होऊं लागले, आणि माणसाची सकाळ कराराच्या कागदावर लिहिली जाऊं लागली.

ही खरेदी कशी होते, तें थोडक्यांत सांगतों. पहिल्या पायरीवर परगण्यांत किती जणांस कसली मदत लागेल, याचा अंदाज करतात. दुसरीवर कोणतें काम कसें हवें, याचें वर्णनपत्रक लिहितात. तिसरीवर टेंडर मागवून आलेल्या अर्जांना गुण देतात. चौथीवर करार होतो. पांचवीवर काम ठरल्याप्रमाणें चाललें आहे कीं नाहीं, यावर देखरेख ठेवतात. मदत घेणाऱ्या माणसाला विचारण्याची जुनी रीत म्हणजे पांचव्या पायरीच्याही शेवटीं एक समाधानपत्रिका पाठविणें. मी जन्मभर मास्तरकी केली, म्हणून मला तें असें दिसतें: अभ्यासक्रम आम्हीं ठरवावयाचा, पुस्तक आम्हीं नेमावयाचें, परीक्षा आम्हीं घ्यावयाची, आणि निकाल लागल्यावर मुलाला विचारावयाचें, "काय रे, आवडलें ना?" तो बिचारा "हो" म्हणतो. पुढच्या वर्षींही तेंच पुस्तक लागतें.

खरा निर्णय दुसऱ्या व तिसऱ्या पायरीवर होऊन गेलेला असतो. उदाहरणार्थ, वर्णनपत्रकांत "सकाळची भेट, पंधरा मिनिटें" असें लिहिलें कीं, बाई कितीही मायाळू असो, पंधरा मिनिटांत उठविणें, धुणें, कपडे घालणें व न्याहारी देणें यांपैकीं कांहीं तरी राहणारच. २०११ सालीं तेथील समता व मानवी हक्क आयोगानें वृद्धांच्या घरगुती परिचर्येची चौकशी केली. सुमारें अर्धी माणसें मिळणाऱ्या मदतीवर खरोखर समाधानी होतीं, हेंही त्या अहवालांत आहे. परंतु वेळ नसल्यामुळें वृद्धांना नीट खाण्यापिण्यास मदत न मिळाल्याचीं उदाहरणेंही त्यांत आहेत. ज्या हातांनीं घास भरवावयाचा, ते हात निर्दय नव्हते. त्यांना पुढच्या घरीं पोंचावयाचें होतें.

गुणांचें गणित तर पाहण्यासारखें आहे. समजा, शंभरांपैकीं साठ गुण दराला व चाळीस गुण कामाच्या प्रतीला ठेवले. सर्वांत कमी दराला दराचे पूर्ण गुण, आणि इतरांना त्या प्रमाणांत कमी, असा नियम आहे. पहिली संस्था ताशीं १०० मागते, दुसरी ११०. दराचे गुण पहिलीला ६०, दुसरीला ५४½. प्रतींत पहिलीला चाळिसांपैकीं २५ आणि दुसरीला २९ गुण पडले. बेरीज पहिलीची ८५, दुसरीची ८३½. काम पहिलीला मिळालें. आतां प्रमाण उलटें करा: दराला चाळीस, प्रतीला साठ. पहिलीला ४० आणि ३७½ मिळून ७७½. दुसरीला सुमारें ३६½ आणि ४३½ मिळून जवळजवळ ८०. काम दुसरीला गेलें. संस्था त्याच, दर तेच, काम तेंच. फक्त टेंडर निघण्यापूर्वीं कोणीतरी एका खोलींत बसून साठ आणि चाळीस हे आंकडे कोणत्या बाजूस लिहावयाचे हें ठरविलें. त्या खोलींत परिचर्या घेणारें एखादें माणूस असणें यालाच माझ्या मतें सहभाग म्हणावें.

तें माणूस तेथें असलें म्हणजे काय फरक पडतो? पहिल्या पायरीवर गरजेची व्याख्याच बदलते. डर्बिशायर परगण्यांतील अपंग माणसांनीं ऐंशीच्या सुमारास स्वतःच्या गरजांची एक यादी केली. तींत सात गोष्टी होत्या: माहिती, सल्ला व मानसिक आधार, घर, साधनें, व्यक्तिगत मदत, वाहतूक आणि सर्वत्र शिरकाव. पाहा, सरकारी दप्तर ज्या मदतीपासून आरंभ करतें, ती या यादींत पांचवी आहे. पहिली आहे माहिती. कारण काय मिळूं शकतें हेंच ठाऊक नसेल, तर मागणार काय? दुसऱ्या पायरीवर शब्द बदलतात. "आठवड्यांतून दोन वेळां स्नान" या जागीं "स्नानाची वेळ त्या व्यक्तीला विचारून ठरवावी" असें वाक्य येतें. "कोणीही पात्र मदतनीस" या जागीं "शक्यतों तेंच तेंच माणूस" असें येतें. कारण रोज नव्या परक्या माणसासमोर उघडें व्हावें लागणें यांत काय दुःख आहे, हें दप्तरांतल्या माणसाला सुचत नाहीं. तिसऱ्या पायरीवर मुलाखतींत निराळे प्रश्न निघतात, आणि पांचवीवर देखरेख करणाऱ्याजवळ माणसें मोकळेपणें बोलतात, कारण तोही त्यांच्यासारखाच मदत घेणारा असतो.

कायद्यानेंही हें तत्त्व हळूहळू मान्य केलें. २०१४ च्या इंग्लंडच्या कायद्यांत माणसाच्या क्षेमाची व्याख्या आहे. तींत रोजच्या जीवनावर आणि मिळणाऱ्या परिचर्येवर त्याचा स्वतःचा ताबा असणें ही गोष्ट स्पष्ट घातलेली आहे. ज्यांना अंगस्पर्शाची परिचर्या लागते, त्यांना पंधरा मिनिटांच्या भेटी योग्य नव्हेत, असें त्या कायद्याखालील मार्गदर्शनांत म्हटलें आहे. ज्याला विचारविनिमयांत भाग घेणें फार कठीण जातें आणि ज्याची बाजू मांडणारें योग्य असें कोणी नाहीं, त्याच्यासाठीं काउन्सिलनें स्वतंत्र कैवारी नेमावा, अशीही तरतूद आहे. स्कॉटलंडनें २०१३ च्या कायद्यानें चार मार्ग ठेवले: रक्कम स्वतः घ्यावी, किंवा निवड स्वतः करून पैसे काउन्सिलकडून द्यावयास लावावे, किंवा निवडही काउन्सिलवर सोंपवावी, किंवा या तिन्हींचें मिश्रण करावें. दुसरा मार्ग मला फार शहाणपणाचा वाटतो. त्यांत हिशेबाचें ओझें नाहीं, पण निवडीचा हक्क आहे. इंग्लंडच्या २०२३ च्या सरकारी खरेदीच्या कायद्यांतही, विशिष्ट व्यक्तीनें सेवा देणाऱ्याची पसंती सांगितली असेल व स्पर्धा तिच्या हिताची नसेल, तर टेंडरावांचून करार करण्याची मुभा आहे. लंडनच्या हॅमरस्मिथ व फुलम काउन्सिलनें २०१५ पासून घरगुती परिचर्येचें शुल्क बंद केलें, आणि पुढें तेथील अपंग रहिवाशांचेंच एक मंडळ नेमून काउन्सिलचा कारभार कसा असावा याचा अहवाल त्यांच्याकडून घेतला.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप: या माणसांना करारमदार, कायदा, हिशेब काय समजणार? उत्तर असें कीं, त्यांना कायदा समजावा अशी अपेक्षाच नाहीं. घर बांधतांना गवंडी आपणांस चुन्याचें प्रमाण विचारीत नाहीं, पण स्वयंपाकघराचें दार कोणीकडे हवें हें विचारतो. मात्र त्यासाठीं कागद सोप्या भाषेंत आणि आधीं द्यावा लागतो; सभेची जागा खुर्ची आंत जाईल अशी असावी लागते; येण्याजाण्याचा खर्च व दिलेल्या वेळाचा मोबदला द्यावा लागतो. त्या टेबलाशीं बसलेला प्रत्येक अधिकारी पगारी असतो. मग जिचा अनुभव आपण घेतों, तिनेंच फुकट कां यावें? आणि एकाला बोलावूं नये, निदान दोघांतिघांना बोलावावें. दहा अधिकाऱ्यांत एकटें माणूस गप्प बसतें, हें मीं शिक्षकांच्या सभांत स्वतः अनुभवलें आहे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. ज्यांना बोलतांच येत नाहीं, ज्यांची स्मृति गेली आहे, त्यांचें काय? त्यांच्या बाबतींत डोळ्यांनीं ऐकावें लागतें. कोणत्या वेळीं तें माणूस जेवण परतवतें, कोणाच्या हाताला शांत होतें, कशानें घाबरतें, हें टिपून ठेवणें हीसुद्धां एक साक्षच आहे. नातेवाइकांना अवश्य विचारावें, पण वेगळें विचारावें; कारण प्रेम असलें तरी हित नेहमीं एकच नसतें. मुलाला वाटतें, आई सुरक्षित असावी. आईला वाटतें, दाराबाहेरच्या ओट्यावर बसावें. आमच्या घरीं चौघांची इच्छा होती कीं अक्का पडूं नये. अक्काची इच्छा होती कीं देवापुढें बसावें.

तिसरा आक्षेप पैशाचा. येथें प्रामाणिकपणें बोललें पाहिजे. सहभागानें तिजोरींत पैसा पडत नाहीं. अतिशय अपंग माणसांना रोख साहाय्य देणारा एक स्वतंत्र निधि ब्रिटनमध्यें १९८८ पासून चालू होता; तो ३० जून २०१५ रोजीं बंद झाला, आणि त्याचा भार काउन्सिलांवर आला. स्कॉटलंडनें मात्र आपल्यापुरता वेगळा निधि काढला. पैसा आटला कीं सभेंत काय ठरलें याला किंमत राहत नाहीं, आणि मग सहभागाचें सोंग सुरू होतें: निर्णय झाल्यावर सभा, सभेचें छायाचित्र, छायाचित्राखालीं आभार. अशा सोंगापेक्षां "या गोष्टी ठरून गेल्या आहेत, या अजून ठरावयाच्या आहेत" असें आरंभींच सांगणें बरें. तथापि हेंही खरें कीं, नको असलेली सेवा हीच सर्वांत महाग. जें जेवण खाल्लें जात नाहीं, ज्या वेळेला माणूस झोपलेलें असतें त्या वेळची भेट, यांचेंही बिल येतच असतें.

आपल्याकडे सरकार अशी घरगुती परिचर्या एवढ्या प्रमाणावर विकत घेत नाहीं. परंतु अपंगांच्या हक्कांविषयींचा संयुक्त राष्ट्रांचा जो करार २००६ सालीं झाला, त्याला भारतानें २००७ सालीं संमति दिली आहे. अपंगांसंबंधीं निर्णय घेतांना त्यांच्या संघटनांचा विचार घ्यावा, हें त्यांतील एक कलम आहे. आणि आपला २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा त्याच करारावरून झाला. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यांत प्रत्येक जिल्ह्यांत निदान दीडशें निराधार वृद्धांसाठीं एक तरी वृद्धाश्रम टप्प्याटप्प्यानें काढण्याची कल्पना आहे. अशा आश्रमाला धान्य कोणतें घ्यावें, पांघरुणें कशीं असावींत, न्हाणीघराला कठडा कोठें हवा, हें ठरविणाऱ्या समितींत तेथें राहणारीं दोन म्हातारीं माणसें बसवावयास नवा कायदा लागत नाहीं, खर्चही लागत नाहीं.

आणि आपल्या घरांत तर ही खरेदी आतां रोजची झाली आहे. मुलगा परदेशीं, आईबाप पुण्यास किंवा नाशिकला. मुलगा तिकडून फोनवर ब्यूरोशीं ठरवितो आणि पैसे पाठवितो. त्याच्या प्रेमांत उणें नाहीं. पण त्याचा एक फोन ब्यूरोला जाण्यापूर्वीं दुसरा एक फोन बापाला जावयास हवा: सकाळीं केव्हां उठावयाचें, स्नानाला कोण चालेल, कोणती गोष्ट स्वतःच्या हातानें करावयाची आहे, आणि काय झालें तर आपल्याला अपमान वाटेल.

आम्ही त्या रात्रीं पुन्हा बसलों. या वेळीं बैठक अक्काच्या खाटेभोंवतीं भरली, आणि बाईलाही बोलावलें. अक्कानें तीन गोष्टी सांगितल्या: स्नान सहाला, केस विंचरतांना घाई नको, आणि देवपूजा चालू असतां कोणीं मध्यें बोलूं नये. बाई म्हणाली, "आजी, सहाला मी येईन, पण दोनला मला सोडा, माझी पोर शाळेंतून येते." हें तिच्या ब्यूरोनेंही तिला विचारलेलें नव्हतें. पगार थोडा वाढला. अक्कानेंही आपण होऊन एक सवलत दिली. रविवारीं आठला आलीस तरी चालेल, म्हणाली, तुलाही झोप हवी.

आतां सकाळीं साडेसहाला तिच्या खोलींतून घंटेचा आवाज येतो. खुबा अजून दुखतो, चालण्यास आधार लागतो, तें कांहीं बदललेलें नाहीं. ज्यांच्या घरीं अशी व्यवस्था करण्याची वेळ आली असेल किंवा येणार असेल, त्यांनीं बैठक कोणत्या खोलींत भरवावयाची एवढा विचार आधीं करावा, ही विनंति करून मी आपली रजा घेतों.